भान्यास, येलोनाइफहून

येलोनाइफ
उत्तर कॅनडा
१४ ऑक्टोबर २०२४

प्रिय भान्या,

मार्चपासून तुला एक ओळ लिहिली नाही. आबांच्या वर्षश्राद्धाचा दिवस माझ्या ध्यानात होता, सकाळी डोळे उघडल्या उघडल्या आठवला, तरी फोन केला नाही. केला असता तर एकवीस वर्षांपूर्वीचा तोच विषय निघाला असता आणि त्या दिवशी तो काढायची माझी हिंमत नव्हती. आज काढतो आहे. गेल्या महिन्यात इथे एक गोष्ट घडली आणि ती कळेल असा तू एकटाच आहेस. सुमनला सांगितली, तिने नीट ऐकून घेतली, पण ती त्या संध्याकाळी नीरेच्या वाळूत नव्हती.

फोनवर सांगणार नव्हतोच. फोनवर तू 'हां हां' करतोस आणि मध्येच चौथीच्या पोरांवर ओरडतोस.

तब्येत बरी आहे. गुडघा थंडीत धरतो, गोळी घेतो, उतरतं.

तर सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात आम्ही चौघं एका तळ्यावर जाऊन राहिलो. पाण्यावर उतरणारं छोटं विमान सोडून गेलं. तळ्याचं नाव तुलाही लिहीत नाही, का ते पुढे कळेल. इथून ईशान्येला, झाडं संपतात त्याच्याही पलीकडे. बरोबर त्लिचो या इथल्या आदिवासी लोकांपैकी एक आजोबा होते, ऐंशीच्या पुढचे, आणि दुभाषी म्हणून त्यांची नात. कॅरिबू, म्हणजे इथली कळपाने फिरणारी रानहरणं, कुठून येतात, पाण्यात कुठे उतरतात, कोणत्या अंगाला थांबतात हे आजोबांनी सांगायचं आणि मी टॅबलेटवर नोंदवायचं, असं काम.

दोन दिवस आजोबा काही बोललेच नाहीत. काठाने चालायचे, वाकायचे, पुन्हा चालायचे. संध्याकाळी चहा घेऊन वाऱ्याकडे तोंड करून बसायचे. तिसऱ्या दिवशी तळं जिथे चिंचोळं होतं तिथे थांबले आणि मला हाताने बोलावलं. पाण्याच्या कडेला फिकट करडा पट्टा लागला होता, भाताचं तूस वाहून यावं तसा. हात घातला तर केस. बोटभर लांब, आतून पोकळ. चिमटीत धरून वाकवला की वाळल्या काडीसारखा मोडतो. त्या पोकळ केसांमुळेच हे जनावर पाण्यावर उचललेलं राहतं आणि मैल मैल पोहून जातं, आणि अंगावरून सुटलेले केस वारा काठाला आणून लावतो. आजोबांनी थर किती जाड, वरचा वाळलाय का, खालचा कुजलाय का, ते बोटाने उकरून बघितलं. मग म्हणाले, चार दिवस झाले. म्हाताऱ्या माद्या पुढे होत्या. समोरच्या त्या फुटक्या खडकाच्या डावीकडून उतरल्या, बरोबर वासरं होती. आम्ही होडीने पलीकडे गेलो. चिखलात खूर, मोठ्यांच्या मागे बारके, अगदी म्हणाले तसे.

भान्या, मला तिथे आबा दिसले. मेंढराच्या लेंडीवर पाय देऊन 'काल दुपारी हितनं कोकऱ्यांचा वाडा गेला' म्हणणारे.

आणि खरी गोष्ट त्याच संध्याकाळची. आजोबांनी ओल्या रेतीत काडीने रेघ ओढायला घेतली. उत्तरेला समुद्राकडे जिथे माद्या वितात तिथून सुरुवात, मग तळी, तळ्यांमधले पाणी ओलांडायचे उतार, त्यांच्या वडिलांनी होडीतून भाल्याने शिकार केली ते उतार, आणि शेवटी खाली, झाडांच्या कडेला, हिवाळ्याचा मुक्काम. प्रत्येक जागेचं नाव घेत होते. नात म्हणाली, या नावांतच सगळं आहे, अमुक नावाचा अर्थ 'इथे पाणी अरुंद होतं', तमुक म्हणजे 'इथे ते खाली येतात'. वीसेक मिनिटं रेघ चालली होती. पुरी झाल्यावर आजोबांनी ती पाच श्वास बघितली असेल, आणि उठून बुटाने पुसून टाकली. टाचेने, गोल गोल.

तू वाग्या कुत्र्याच्या पायातला काटा काढत ओढ्याकडे बसला होतास, म्हणून आबांना नीरेच्या वाळूतली आपल्या वाटेची रेघ पुसताना बघितलं नाहीस. मी बघितलं होतं. तोच पाय, तीच टाच.

आता माझी अडचण ऐक. मी टॅबलेट चालू ठेवला होता. आजोबांनी जिथे जिथे बोट दाखवलं, नाव घेतलं, ते सगळं त्यात उतरलं आहे. आवाज, उतारांच्या खुणा, तारखा. येत्या शुक्रवारी, १८ तारखेला, ते सामायिक नकाशावर चढवायचं आहे. तो नकाशा सरकार बघणार, खाणवाले बघणार, रस्तेवाले बघणार. जूनमध्ये आजोबांनी संमतीपत्रावर सही केली आहे. कागदोपत्री सगळं चोख. सही जूनची, पुसलं सप्टेंबरमध्ये. ऑफिसात मी हे हळूच काढून बघितलं. उत्तर आलं, सही आहे ना, मग प्रश्न काय.

प्रश्न काय ते तुला सांगतो, कारण तू 'असेल बुवा' म्हणून सोडून देणारा नाहीस. हा कॅरिबूंचा बाथर्स्ट नावाचा कळप. १९८६ साली मोजला तेव्हा सुमारे ४ लाख ७० हजार होता. २०१८ साली ८,२००. २०२१ साली सहा हजारांच्या थोडा वर. आपल्या तालुक्यातली सगळी मेंढरं जाऊन दोन वाडे उरावेत, तसं. का गेले, यावर इथे रोज वाद. लांडगे, शिकार, वणवे, तापलेले उन्हाळे, खाणी. पहिली हिऱ्यांची खाण १९९८ साली सुरू झाली, ऐन कळपाच्या वाटेवर. म्हातारी माणसं म्हणत होती, खाणीची धूळ चाऱ्यावर बसते, जनावर तिकडून अंग काढून घेतं. चारा म्हणजे काय माहीत आहे? दगडफूल. तुझी आई काळ्या मसाल्यात घालायची त्याचीच पांढरी भावकी, हिवाळ्यात बर्फ खुराने उकरून हे तेच खातात. मग २०१२ साली शास्त्रज्ञांचा अभ्यास छापून आला की खाणीभोवती चौदा किलोमीटरपर्यंत कॅरिबू कमी दिसतात. म्हाताऱ्यांना कुणी चौदा विचारलं नव्हतं. त्यांनी बोट दाखवून 'तिथपर्यंत' म्हटलं होतं.

याहून एक सुंदर गोष्ट आहे. कॅरिबूची वाट झाडांच्या उघड्या मुळांवरून जाते, खुराने मुळाला जखम होते, आणि झाड त्या जखमेचं वय वलयांत लिहून ठेवतं. २००६ साली काही जणांनी काळ्या स्प्रूस झाडांची मुळं कापून या कळपाचा इतिहास काढला. १९२० च्या दशकात कमी, चाळिशीच्या मध्याला भरपूर, मग घसरण, नव्वदीत पुन्हा भर, आणि शतक संपताना पुन्हा ओहोटी. त्लिचो म्हाताऱ्यांनी सांगितलेलंही तेच होतं. हे वाचून मी रात्री दहा वाजता खोलीतल्या खोलीत फेऱ्या मारत होतो. मुळं आणि माणसं एकच बोलली.

गळपट्ट्यांचीही कथा आहे. १९९६ साली पहिल्यांदा माद्यांच्या गळ्यात उपग्रहाचे पट्टे अडकवले. म्हाताऱ्यांना ते आवडलं नव्हतं. जनावराला धरून मानेत काहीतरी बांधायचं म्हणजे त्याचा मान राहत नाही, आणि मान राखला नाही की ते येत नाही. 'कॅरिबूला काठीने मारू नये, निघून जातात' अशीही त्यांची जुनी गोष्ट आहे. आज पट्ट्यांवरच सगळं चालतं, शिकारबंदीचा भागसुद्धा कळपाबरोबर सरकत राहतो. पण पट्टा सांगतो मादी कुठे आहे. पाठीवर चरबी किती, हाड फोडल्यावर मगज पांढरा घट्ट निघतो की लाल पाणचट, ते पट्टा सांगत नाही. म्हणून त्लिचो सरकारने २०१६ पासून स्वतःची माणसं कॉन्ट्वॉयटो तळ्यावर पाठवायला सुरुवात केली. शिकारी जसा फिरतो तसं फिरायचं, सगळं बघायचं, आणि लिहायचं ते आपणच. मला ही रीत मनापासून पटते.

मग मला भीती कसली? दोन्हीकडून आहे. नकाशावर घातलं नाही तर उद्या रस्ता त्या उतारावरूनच जाईल. आत्ता फक्त हिवाळ्यात, गोठलेल्या तळ्यांवरून, खाणींपर्यंत चारशेएक किलोमीटरचा बर्फाचा रस्ता होतो, आता तिकडे बारमाही रस्ता काढायचं चाललं आहे. तेव्हा कुणी म्हणेल, इथे काही असतं तर नकाशात दिसलं असतं. आणि घातलं, तर त्याच बर्फाच्या रस्त्याने बंदुका घेऊन येणाऱ्यांना मी जागा दाखवून दिली. सहा हजारच उरलेत, भान्या.

तिकडे युकॉनमध्ये ग्विचिन लोकांची रीत आहे, पुढचे कॅरिबू जाऊ द्यायचे, पहिल्या तुकडीवर गोळी घालायची नाही. पुढच्या गेल्या की मागच्यांना वाट कळते. चांगली रीत म्हणून सरकारी नियमात घातली. नियम म्हटला की तारीख लागते, रस्त्यापासून अंतर लागतं, दंड लागतो. भांडणं झाली आणि शेवटी तो नियम सोडावा लागला. रीत वाईट नव्हती. ती माणसाकडून माणसाकडे जायची होती, पाटीवर लिहायची नव्हती.

तू आत्ता म्हणत असशील, हे तुला आता सुचलं का. म्हण.

वरंध घाटाच्या खालच्या, मेंढरं बसवायच्या तळावर कुंपण आलं तेव्हा तू म्हणालास, शिऱ्या, तुझ्या नकाशामुळे. मी म्हणालो, जमीनवाल्यांना एम.ए.चा प्रबंध वाचायला वेळ नसतो. आजही मला ते खरं वाटतं. पण तेव्हा मी दुसरं एक वाक्य बोललो होतो, आणि तू त्यावर गप्प झालास. मी म्हणालो होतो, आबांनी मला कधी नको म्हटलं नव्हतं.

ते खोटं होतं.

पाय फिरवून झाल्यावर आबा माझ्याकडे बघून म्हणाले होते, 'लिवू नगंस बरं का पोरा. लोकांच्या जिमिनी हायत त्या, आमी इचारून ऱ्हातो.' मी मान डोलावली. आणि रात्री तुम्ही सगळे झोपल्यावर, मेंढरांभोवतीच्या वाघुरीच्या जाळ्याला टेकून, बॅटरी तोंडात धरून, अख्खी वाट फलटणपासून महाडपर्यंत तळासकट कागदावर काढली. बारा तळ होते. एकही विसरलो नव्हतो. मला तेव्हा अभिमान वाटला होता. प्रबंधात आबांचं नावही घातलं नाही, 'एक स्थानिक मेंढपाळ' एवढंच. आता या टॅबलेटमध्ये आजोबा 'माहितीदार ७' आहेत.

एकवीस वर्षं हे तुला सांगितलं नाही. आबा असताना त्यांच्याशी बोलायला हवं होतं. त्यांच्या शेवटच्या दिवाळीत तू मला म्हणालास, 'आबा तुझी आठवण काढतात', तेव्हाच यायला हवं होतं.

परवा, बुधवारी, रजा टाकली आहे. आजोबा बेचोकोला असतात, इथून शंभरेक किलोमीटर. टॅबलेट घेऊन जातो, नातीला फोन केलाय. जे उतरलं आहे ते सगळं त्यांना ऐकवणार, दाखवणार, आणि विचारणार की यातलं काय ठेवू. काढ म्हणाले तर त्यांच्यासमोर काढणार. नुसतं 'इथे एक उतार आहे, रस्ता नको' एवढंच ठेव म्हणाले तर तेवढंच, जागा धूसर करून. शुक्रवारी ऑफिसात जे होईल ते होईल. इथे १९९८ पासून आदिवासी समाजांनी स्वतःच लिहून ठेवलं आहे की त्यांच्या माहितीची मालकी, ताबा, वापर सगळं त्यांचंच. त्यांचंच तत्त्व घेऊन उभा राहीन. पण विचारायला जायचं हे मला त्या तत्त्वामुळे सुचलं नाही, टाचेमुळे सुचलं.

तुझं काय चाललंय? बदली झाली का, की अजून त्याच वस्तीवर? सायलीची बारावी यंदाच ना? तिला म्हणावं काका पुस्तकं पाठवतो. वहिनींच्या पाठीचं काय झालं? दसऱ्याला वाडे गोळा झाले असतील, दिवाळी झाली की निघतील. धाकट्या चुलत्यांची मेंढरं यंदा कुणाबरोबर जाणार? ते कळव, खरंच कळव.

या पत्रासोबत तो कागद ठेवला आहे. तो इतकी वर्षं माझ्याचकडे होता, पुणे, मुंबई, इथे. घडीवर वरंधच्या खालचा भाग फाटलाय, बाकी सगळं वाचता येतं. तू ठेव, चुलत्यांना दे, की चुलीत घाल. माझ्याकडे आता त्याची नक्कल नाही.

तुझा,
शिऱ्या