खोटं बोलले, आणि एक तारीखही ठरवली

पुणे, 7 डिसेंबर 2025

ती. बाबा आणि आई, सा. न.

परवा फोनवर "शनिवारी ऑफिस आहे" म्हणाले, ते खोटं. काल लोणावळ्याला गेले होते, अमूर ससाणा बघायला. बाबा, तुम्हाला न सांगता. सांगितलं असतं तर तुम्ही आदल्या रात्रीच साताऱ्याहून एसटीत बसला असता. पहाटे साडेचारला निघायचं, टायगर पॉइंटच्या पुढच्या पठारावर दगडगोट्यांतून चालायचं, टेकायला धड जागा नाही. स्टेंट घालून चार महिने झालेल्या माणसाला कशी नेणार होते मी? शिवाय गाडीत जागा नव्हती. (होती. एक होती.)

दिसला. नर, विजेच्या तारेवर. ओल्या पाटीसारखा राखाडी, पाय मात्र शेंदरी. उडाला, पंखांखालचं पांढरं चमकलं, चतुर पकडला आणि उडता उडताच पायातला खाऊन टाकला! दीडेकशे ग्रॅमचा जीव, आता अरबी समुद्र न थांबता ओलांडून आफ्रिकेत जाणार. नागालँडच्या पांगतीला 2012 मध्ये हे हजारोंनी जाळ्यात मारले आणि पुढच्याच वर्षी गावकऱ्यांनी ते थांबवलं, ते कात्रण तुम्हीच मला पाठवलं होतंत ना?

त्याआधी डोक्यावर काहीतरी घिरट्या घालायला लागलं, तर सगळ्यांच्या दुर्बिणी वर. मी म्हटलं, घार आहे, शेपटीची खाच बघा. गच्चीवर पापड राखताना तुमच्या मांडीवर बसून शिकलेलं.

दिवाळीत टाकीवर घार बसली होती, बाबा. तुम्ही तिला कावळा म्हणालात. मी तेव्हा काही बोलले नाही.

म्हणून मोतीबिंदूची तारीख घेतलीय. 20 डिसेंबर, शनिवार. विचारलं नाही, रागावू नका. तुम्ही "उन्हाळ्यात बघू" म्हणाला असता, हो की नाही? हृदयाच्या डॉक्टरांना विचारलंय, त्यांची हरकत नाही. गोळ्या मात्र आपल्या मनाने बंद करायच्या नाहीत, एकही. आणि मामाचं उदाहरण काढू नका, तेव्हा टाके घालायचे.

आई, आतली खोली रिकामी केलीय. कमोड तिथेच आहे, गरम पाणी पाचला तयार असेल. देवांना कपाटात वरचा कप्पा दिलाय, बाळकृष्ण घेऊन ये. आल्याचा चहा मी करीन, तू उठायचं नाहीस. बाबांचा पेपर लावलाय, पंधरा दिवस तू मोठ्याने वाचून दाखव, तेवढीच भांडणं होतील. तूपबीप कढवत बसू नकोस, इथे मिळतं. शेजारी किल्ली द्या, गॅस बंद करा, गच्चीवर कुणीही एकट्याने चढायचं नाही.

18 तारखेला सकाळी मी गाडी घेऊन येते. बाबा, तुमची दुर्बीण काढून ठेवा. भिंगांना बुरशी आली असेल, धोतराने पुसू नका. मी बघते.

तुमची,
चिमी