आधी सेवूसेवू, मग पोहणे

मा. संपादक,

शिडाच्या बोटीने फिजीची बेटे फिरण्यावर आपल्या पर्यटन पुरवणीत लेख आला. त्यात गावभेटीसाठी ‘मुलांना चॉकलेटे न्या’ एवढाच सल्ला आहे. तेवढ्यावर निघालेल्याची पहिल्याच गावात पंचाईत होईल.

तिथे गावासमोर नांगर टाकला की तुम्ही गावाच्याच हद्दीत असता. किनाऱ्यापासून प्रवाळाच्या रांगेपर्यंतच्या पाण्यात मासेमारीचा परंपरागत हक्क स्थानिक कुळांचा असतो. आपल्या दिवाळे कोळीवाड्यासमोर परक्याने न विचारता जाळे टाकले तर काय होईल, तसेच ते. म्हणून पोहणे, गळ टाकणे, किनाऱ्यावर भटकणे हे सगळे सेवूसेवू झाल्यावर.

सेवूसेवू म्हणजे यांगोनाची जुडी ठेवून गावात येण्याची परवानगी मागणे. यांगोना म्हणजेच कावा. मिरी आणि विड्याचे पान यांच्याच कुळातली वनस्पती; तिची मुळे कुटून पाण्यात कालवून पितात. एका गावाला साधारण अर्धा किलो, म्हणजे आठ गावांना चार किलो. सुवा, लौटोका किंवा सावुसावुच्या बाजारातूनच घेऊन ठेवावी, लहान बेटांवर मिळेलच असे नाही. (सावुसावु हे बंदर, सेवूसेवू हा विधी, गफलत नको.) पूड नको, अख्खी मुळे घ्यावीत. त्यातही ‘वाका’ म्हणजे बारीक मुळे मानाची. वर्तमानपत्रात गुंडाळून फीत बांधून देतात. बोटीतल्या दमट हवेने बुरशी धरते, म्हणून प्रवासात हवाबंद पिशवी हवी, पण देताना ती काढायची.

गुडघ्याखाली येईल असे लुंगीसारखे ‘सुलु’ नेसावे, खांदे झाकावेत. टोपी आणि गॉगल काढावा, पाठीवरची पिशवी हातात घ्यावी. उतरल्यावर भेटेल त्याला ‘तुरांगा नी कोरो’ कुठे, असे विचारावे. हा गावचा कारभारी, मुखिया वेगळा; तो मुखियाकडे नेतो. चपला बाहेर काढून मांडी घालून बसावे आणि जुडी समोर चटईवर ठेवावी. हातात देण्याची चूक बहुतेक जण करतात. मुखियाने किंवा त्याच्या वतीने कोणी ती उचलून मंत्रासारखे बोलणे झाले, टाळ्या वाजल्या, की तुम्ही पाहुणे. मग कावा कालवलाच तर तो करवंटीतून देतात: आधी एक टाळी, ‘बुला’ (तिथला नमस्कार) म्हणायचे, करवंटी एका दमात रिकामी, नंतर तीन टाळ्या. जीभ बधिर होते, घाबरू नये. ‘लो टाइड’ म्हटले की करवंटी कमी भरतात. काही गावांत धर्मामुळे कावा वर्ज्य असतो, तिथे आधी चौकशी करावी. रविवारी मात्र जाऊच नये. तो प्रार्थनेचा आणि विश्रांतीचा दिवस.

ठाणे खाडीत शिकलेल्यांसाठी आणखी एक. गाळाच्या पाण्यात आपण भरती-ओहोटीचे तक्ते पाहून खोली ठरवतो. तिथे पाण्याचा रंग वाचावा लागतो. प्रवाळातली वाट सकाळी १० ते दुपारी ३ या वेळेतच, ऊन पाठीशी ठेवून, पोलराइज्ड (पाण्यावरची चकाकी कापणारा) चष्मा लावलेला माणूस नाळेवर, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकावर, उभा करून काढावी. चारनंतर ऊन तिरपे होते, तेव्हा पश्चिमेकडे तोंड असेल तर समोरचा खडकही दिसत नाही. इलेक्ट्रॉनिक नकाशा काही ठिकाणी चुकतो. नांगर वाळूतच टाकावा, प्रवाळात साखळी गुंतते.

देशात प्रवेश ठरलेल्या बंदरांतूनच, पूर्वसूचना देऊन. बेटांवर फिरायला वेगळा क्रूझिंग परवाना लागतो. त्याची प्रत जवळ असू द्यावी. नोव्हेंबर ते एप्रिल चक्रीवादळांचा हंगाम, तो टाळावा. बाजारात हिंदी चालते, १८७९ ते १९१६ या काळात भारतातून नेलेल्या गिरमिटियांमुळे, म्हणजे करारबद्ध मजुरांमुळे. बेटांवरच्या गावांत तिच्यावर विसंबू नये.

जाता जाता: लेखात विमानतळाच्या गावाचे नाव ‘नाडी’ छापले आहे. फिजीच्या भाषेत ‘द’च्या आधी अनुस्वार उच्चारतात, त्यामुळे उच्चार ‘नांदी’, आपल्या नाटकातल्यासारखाच. पुढच्या वेळी तेवढे दुरुस्त करावे.

– एक वाचक, सीबीडी बेलापूर, नवी मुंबई