कमी किलोमीटरच्या मोहात पडू नका

ती. आई आणि बाबांना सा. नमस्कार.

बाबा, तुम्ही पाठवलेले गाडीचे फोटो नीट पाहिले. गाडी दिसायला छान आहे. पण खाली तुम्ही दोनदा लिहिलंय, ‘११ वर्षांत फक्त २१,००० किलोमीटर!’, आणि माझं घोडं नेमकं तिथेच अडलंय. वर्षाला दोन हजारही नाहीत, म्हणजे आठवड्याला चाळीस किलोमीटरच्या आत. एकतर ही गाडी महिनोन्महिने उभी असणार, नाहीतर रोज दोन-तीन किलोमीटर जाऊन परत येत असणार. गाडीला यातलं काहीच मानवत नाही.

गार इंजिन सुरू केलं की इंधन जळून झालेली पाण्याची थोडी वाफ आणि थोडं न जळलेलं पेट्रोल पिस्टनच्या कडेने खाली ऑइलमध्ये उतरतं. ऑइल चांगलं तापलं की हे सगळं उडून जातं. पण ऑइल तापायला कूलंटपेक्षा, म्हणजे इंजिन गार ठेवणाऱ्या पाण्यापेक्षा, जास्त वेळ लागतो. तापमानाचा काटा मध्यावर आला तरी ऑइल कोमटच असतं. पंधरा-वीस मिनिटं सलग चालवल्याशिवाय ते पाणी जात नाही. रोज पाच मिनिटांच्या फेऱ्या असल्या की ते साचत राहतं, ऑइलचा चिकट गाळ होतो आणि सायलेन्सर आतून गंजतो. बॅटरीचंही तेच होतं: स्टार्ट करताना गेलेला चार्ज भरून निघायच्या आत गाडी पुन्हा बंद. आणि रबराला किलोमीटर कळत नाहीत, वर्षं कळतात. टायर, होज पाइप, बेल्ट, सस्पेंशनचे बुश, इंजिन माउंटिंग हे सगळं उभ्या गाडीतही अकरा वर्षांचंच होतं.

म्हणून सात-आठ वर्षांची, वर्षाला दहा-बारा हजार चाललेली आणि प्रत्येक सर्व्हिसची नोंद असलेली गाडी मीटरवर ८०,००० दाखवत असली तरी मी तिला आधी हात लावीन.

शिवाय तो आकडा खरा आहे का, हेही बघायला हवं. मीटर मागे फिरवता येतो, पण झीज मागे फिरवता येत नाही. ब्रेक आणि क्लचच्या पेडलचं रबर, स्टिअरिंगवर हात ठेवायची जागा, गिअरच्या मुठीवरचे आकडे आणि ड्रायव्हर सीटची दाराकडची कड बघा. २१,००० किलोमीटरमध्ये पेडलचे खाचे गुळगुळीत होत नाहीत. पेडलवर नवंकोरं रबर आणि बाकी सगळं जुनं असेल तर आणखी संशय घ्या. सर्व्हिस बुकात प्रत्येक तारखेसमोर किलोमीटर लिहिलेले असतात. ते क्रमाने वाढताना दिसले पाहिजेत.

गाडी कुठली घ्यायची यावर फार लिहीत नाही. तुमच्या फेऱ्या जवळच्या, तेव्हा साधं, टर्बो नसलेलं पेट्रोल इंजिन घ्या. नव्या डिझेल गाड्यांच्या धुराड्यात काजळी अडवणारा फिल्टर असतो. तो स्वतःला साफ करतो ती काजळी जाळून, आणि त्यासाठी साधारण ६०० अंश सेल्सिअस तापमान लागतं. छोट्या फेऱ्यांत ते होत नाही, मग फिल्टर तुंबतो, आणि नवा फिल्टर फार महाग पडतो.

आई, एक परीक्षा तुझी. दाराला किंवा स्टिअरिंगला न धरता सीटवर बस आणि उठ, तीन वेळा. बसताना खाली कोसळल्यासारखं वाटलं तर सीट फार खाली आहे. चढावं लागलं तर फार वर. एसीची बटणं हाताला लागतात का, तेही बघ. सगळं काही स्क्रीनवर असलेली गाडी चालवताना नजर रस्त्यावरून हलते.

आता गाडी बघायला जाल तेव्हा. आदल्या दिवशीच विक्रेत्याला सांगा, ‘आम्ही यायच्या आधी गाडी चालू करू नका.’ पोहोचलात की पहिल्यांदा बॉनेटवर तळहात ठेवा. गरम लागलं तर थोडं थांबून उपयोग नाही, दुसऱ्या दिवशी या. गार इंजिन सुरू होताना जे बोलतं ते तापल्यावर लपतं. दिवसाउजेडी जा, ओल्या गाडीवर पत्र्याचे डाग आणि लाटा दिसत नाहीत.

इंजिन सुरू करण्याआधी ऑइलचं झाकण उघडा आणि आतली बाजू पांढऱ्या कागदाने पुसा. काळपट-तपकिरी तेल लागलं तर ठीक. साय धरल्यासारखा पिवळट फेस असेल तर दोन शक्यता: छोट्या फेऱ्यांमुळे साचलेलं पाणी, नाहीतर हेड गॅस्केट (इंजिनाच्या वरच्या आणि खालच्या भागामधली सील) फुटून ऑइलमध्ये आलेला कूलंट. फरक ओळखायला डिपस्टिक, म्हणजे ऑइल मोजायची पट्टी, बाहेर काढा. तिच्यावरचं ऑइलही दुधाळ असेल, किंवा कूलंटच्या टाकीत तेलाचा तवंग असेल, तर तिथूनच परत फिरा. झाकणाखाली, आत दिसणाऱ्या भागावर डांबरासारखा थर असेल तर ऑइल वर्षानुवर्षं बदललेलं नाही, बुकात काहीही लिहिलेलं असो.

मग बाबा स्टार्ट करतील आणि आई मागे उभी राहील. सायलेन्सरमधून सुरुवातीला विरळ पांढरी वाफ आली तर चालेल, ती मिनिटा-दोन मिनिटांत जायला हवी. दाट पांढरा धूर येतच राहिला आणि गोडसर वास आला तर कूलंट जळतोय. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय, काळा म्हणजे पेट्रोल जास्त जातंय. चावी स्टार्टच्या आधीच्या टप्प्यावर फिरवल्यावर डॅशबोर्डवरचे सगळे इशारे लागले पाहिजेत आणि इंजिन सुरू झाल्यावर विझले पाहिजेत. इंजिनाचा किंवा एअरबॅगचा दिवा लागलाच नाही तर तो मुद्दाम बंद केलेला असू शकतो. मेकॅनिकने आणलेला स्कॅनर डॅशबोर्डखालच्या सॉकेटला जोडला की जुने दोष दिसतात. एकही दोष नाही, पण इंजिनाच्या स्वयंचाचण्या ‘अपूर्ण’ दाखवत असतील, तर कोणीतरी नुकतेच दोष पुसलेत किंवा बॅटरी काढली होती. का, ते विचारा.

पुराचं पाणी लागलेली गाडी बाहेरून ओळखू येत नाही. प्रत्येक सीटबेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढा. रोज वापरला जाणारा भाग धुतलेला असतो, पण आत गुंडाळलेल्या शेवटच्या हातभरावर मातीची रेघ राहते. सीटच्या रुळांवरचा गंज, स्टेपनीच्या खड्ड्यातला गाळ आणि कार्पेटखालचा कुबट वासही बघा. आई, वासाचं खातं तुझ्याकडे. आत शिरताच अत्तराचा भपकारा आला तर तो कशासाठी मारलाय असा प्रश्न पडायला हवा.

अपघाताचं म्हणाल तर बॉनेट, दारं आणि डिकीच्या बिजागरांचे बोल्ट बघा. त्यांच्या कोपऱ्यांवरचा रंग खरवडलेला असेल तर तो भाग कधीतरी काढला होता. सगळ्या काचांवर बारीक अक्षरांत कंपनीचं चिन्ह आणि सालाचा आकडा असतो. एकच काच वेगळ्या सालाची असेल तर ती का बदलली? दगड उडूनही काच फुटते, पण उत्तर यायला हवं. पुट्टी भरलेल्या पत्र्याला लोहचुंबक नीट चिकटत नाही. चुंबक कापडात गुंडाळून लावा. काही गाड्यांचं बॉनेट ॲल्युमिनियमचं असतं, तिथे ही युक्ती चालत नाही.

टायर मात्र नीट बघा, कारण ते अख्ख्या गाडीचा स्वभाव सांगतात. टायरच्या कडेला ‘डीओटी’ने सुरू होणारी ओळ असते, तिच्या शेवटी चार आकडे: २३१९ असेल तर २०१९ सालचा २३वा आठवडा. कधी कधी तारीख टायरच्या आतल्या बाजूलाच असते, तेव्हा वाकून बघावं लागेल. सहा वर्षांपुढचा टायर तपासूनच ठेवायचा आणि दहाच्या पुढचा, खाचा कितीही खोल असोत, काढून टाकायचा. खाचांची खोली १.६ मिलिमीटर उरली की खाचेतले उंचवटे पृष्ठभागाशी सपाट होतात, तो टायर संपला. दोन्ही कडा झिजल्या असतील तर हवा कमी ठेवलेली, मधला पट्टा झिजला तर जास्त. फक्त आतली किंवा बाहेरची कड गेली असेल तर अलाइनमेंट बिघडलंय, किंवा सस्पेंशनमध्ये खेळ आलाय, किंवा कधीतरी चाक जोरात आदळलंय.

चालवून बघताना किमान अर्धा तास चालवा, रेडिओ बंद आणि काचा खाली. मोकळ्या जागी स्टिअरिंग पूर्ण वळवून हळू गोल फिरवा. कट-कट-कट आवाज आला तर एक्सलचा सीव्ही जॉइंट (वळलेल्या चाकालाही फिरवणारा सांधा) गेलाय, बहुधा रबरी बूट फाटून ग्रीस उडाल्यामुळे. वेगाबरोबर वाढणारी सलग घुंई चाकाच्या बेअरिंगची असते. खड्ड्यावर ‘ठक्’ असा कोरडा आवाज येतो तो बहुतेक वेळा सस्पेंशनच्या लिंक रॉडचा किंवा बुशचा, आणि तो स्वस्तात जातो. ब्रेक मारताना स्टिअरिंग थरथरलं तर डिस्क असमान झिजल्यात. क्लचसाठी वरच्या गिअरमध्ये, कमी वेगात असताना एक्सलरेटर दाबा. इंजिनाचा आवाज चढला आणि वेग तेवढा वाढला नाही तर प्लेट संपलीये. ऑटोमॅटिक असेल तर ब्रेक दाबून धरून गिअर ‘आर’ आणि ‘डी’मध्ये टाका. एक-दोन सेकंद उशीर आणि मग धक्का, असं झालं तर गाडी सोडा. बाकी बऱ्याच गोष्टी दुरुस्त होतात, पण तो गिअरबॉक्स गाडीच्या निम्म्या किमतीला बसतो.

चेसिस नंबर १७ अक्षर-अंकांचा असतो. तो कागदावर आणि गाडीवर सगळीकडे एकच आहे ना, एकेक अक्षर जुळवून बघा. कर्ज बाकी नाही याचा लेखी पुरावा हवा. आणि गाडी लिफ्टवर घेऊन खालून बघायला स्वतःचा मेकॅनिक न्या, विक्रेत्याच्या ओळखीचा नको.

गाडी घेतलीत तर पहिल्याच आठवड्यात, बुकात काहीही लिहिलेलं असलं तरी, सगळी द्रवं बदलून टाका. मग हिशेब शून्यापासून सुरू होतो. इंजिन ऑइल आणि त्याचा फिल्टर, एअर फिल्टर, एसीचा केबिन फिल्टर, कूलंट, ब्रेक ऑइल. ब्रेक ऑइलला बहुतेकजण विसरतात. ते हवेतला ओलावा शोषतं. डीओटी ४ दर्जाचं नवं तेल किमान २३० अंशांवर उकळतं, ओलावा शोषलेलं १५५च्या आसपासही. लांब उतारावर ब्रेक तापले की त्यात बुडबुडे होतात आणि पेडल स्पंजासारखं खाली जातं. म्हणून दर दोन वर्षांनी ते बदलायचं, गाडी चालो न चालो.

इंजिनाचे व्हॉल्व्ह वेळेवर उघडण्यासाठी आत टायमिंग चेन आहे की बेल्ट, हे विचारून घ्या. बेल्ट असेल तर तो साधारण ६०,००० ते १,००,००० किलोमीटर किंवा पाच-सात वर्षं, जे आधी होईल तेव्हा बदलायचा. नेमका आकडा गाडीच्या पुस्तकात असतो. बदलल्याचं बिल नसेल तर बदललेलाच नाही असं धरा. तो तुटण्याआधी सूचना देत नाही, आणि बऱ्याच इंजिनांत तुटल्यावर पिस्टन उघड्या व्हॉल्व्हवर आदळून व्हॉल्व्ह वाकतात. वॉटर पंप त्याच बेल्टवर फिरत असेल तर तोही त्याच वेळी बदला, कारण मजुरी एकदाच लागते.

पुढे तुमच्याकडेही गाडी कमीच चालणार, तेव्हा किलोमीटरची वाट न बघता वर्षाला एकदा ऑइल बदला. ग्रेड पुस्तकात असेल तोच, उदाहरणार्थ ५डब्ल्यू-३०. आठवड्यातून एकदा सलग अर्धा तास, थोड्या वेगात गाडी काढा आणि एसीही चालवा. नुसती उभ्या उभ्या चालू ठेवली तर इंजिन नीट तापत नाही.

आई, तुझ्या हिशेबाच्या वहीत गाडीचं एक पान कर. महिन्यातून एकदा सपाट जागी, इंजिन बंद करून दहा मिनिटांनी डिपस्टिक पुसून बघायची. दोन खुणांमध्ये बहुतेक गाड्यांत सुमारे लिटरभर ऑइलचा फरक असतो, म्हणून खाली गेलं तर एकदम लिटर ओतायचं नाही, पाव लिटर घालून पुन्हा बघायचं. वरच्या खुणेच्या पुढे गेलेलं ऑइलही वाईट, इंजिनाच्या तळाशी फिरणारा दांडा, क्रँकशाफ्ट, ते घुसळून फेस करतो. टायरची हवा गार असताना बघायची आणि आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावरच्या स्टिकरवरचा घ्यायचा. टायरवर छापलेला आकडा कमाल मर्यादेचा असतो, बाबा नेहमी तोच वाचतात. बॅटरीला मीटर लावलात तर रात्रभर उभ्या गाडीत १२.६ व्होल्ट म्हणजे पूर्ण, १२.२ म्हणजे निम्मी. इंजिन चालू असताना बहुतेक गाड्यांत १४च्या आसपास हवेत.

लाल दिवा लागला तर थांबायचं, पिवळा लागला तर त्याच आठवड्यात दाखवायचं. तेलाच्या झारीचं लाल चित्र दिसलं तर ‘घरापर्यंत जाऊ’ म्हणायचं नाही. तो दिवा ऑइलच्या दाबाचा असतो; दाब गेला की बेअरिंग मिनिटांत जळतात. तापमानाचा काटा चढला तर एसी बंद, हीटर पूर्ण, गाडी बाजूला आणि इंजिन बंद. गरम असताना रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही, आतलं पाणी दाबाखाली असतं आणि अंगावर उसळतं.

त्या २१,०००वाल्या गाडीला अजून नाही म्हणत नाही. मालकाकडून तीन फोटो मागवा: सर्व्हिस बुकाची सगळी पानं, चारही टायरवरचे ते चार आकडे, आणि ऑइलच्या झाकणाची आतली बाजू. टायरवरचे आकडे आईला वाचायला सांगा, बाबा चष्म्याशिवाय ३ चा ८ करतात. फोटो आले की मला फोन करा, मग बघायला जायचा दिवस ठरवू.

तुमची लेक