डाळ बंद, डबा चालू?

ती. आई-बाबांस,
सा. न.

परवा फोनवर बाबा म्हणाले, "डाळ महागली, आता वरण एकच वेळ." अन् मागून आईचा आवाज, "प्रोटीन पावडरचा डबा संपत आलाय, आणायचाय." हा हिशोब काही मला पटला नाही. फोनवर बाबा बोलू देत नाहीत, म्हणून लिहून कळवते.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या हिशोबाने वजनाच्या दर किलोमागे दिवसाला ०.८३ ग्रॅम प्रथिनं लागतात. बाबांचं वजन साठ, म्हणजे त्यांना ५० ग्रॅम. शंभर ग्रॅम तूरडाळीत ती बावीसच्या आसपास असतात, फल्लीदाण्यात पंचवीस, सोयावडीत पन्नास. आता डब्यामागचं बारीक छापलेलं चष्मा लावून वाचा. साखर कितव्या नंबरवर आहे तेही बघा. त्या एका डब्याच्या पैशात इतवारीच्या बाजारातून महिन्याची डाळ अन् दाणे येतील.

आई, सोयावडी गरम पाण्यात भिजवून दोनदा घट्ट पिळ, वास जातो. मग वांग्याच्या रश्श्यात टाक. बाबांना आधी सांगू नको, खाऊन झाल्यावर सांग!

मात्र कुठे सुटी तूरडाळ फारच स्वस्त दिसली तर घेऊ नका, त्यात लाखोळीची डाळ मिसळलेली असू शकते. आपल्याकडे लाखोळीचं कौतुक आहे, पण रोज, महिनोन्महिने तीच खाल्ली तर पायातलं बळ जातं.

भाजीला सक्करदऱ्याच्या बुधवार बाजारात बाजार उठता उठता जा. पालक, चवळी, अंबाडी तेव्हा भाव न करताही स्वस्त पडते. सांबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, काड्या फेकू नका, वरणात घाला. पालेभाजीवर लिंबू पिळा, त्यातलं लोह अंगी लागतं. जेवल्याबरोबरचा चहा मात्र बंद. तो ते लोह नीट शोषू देत नाही. बाबा चिडतील. तासाभराने द्या.

जवसाची चटणी आई करतेच. फक्त जवस भाजून नीट बारीक कुट; अख्खा दाणा पचत नाही, तसाच बाहेर पडतो. अन् बीपीमुळे मीठ निम्मं. रोजचं लोणचं-पापडही सणावारापुरतं ठेवा.

दूध कमी करू नका, त्याचे पैसे मी दर महिन्याला पाठवीन. यावर वाद नको. आहे तो डबा संपवा, नवा आणू नका.

तुमची,
मनू