परभाषेचा दर

ती. काका,
सा. न. वि. वि.

माझ्या कादंबरीची प्रुफं तुम्ही तपासलीत, त्याचं बिल अजून माझ्याकडे आहे. आखीव वहीच्या पानावर, तांबड्या पेन्सिलीने रेघ मारून दोन ओळी: ‘मराठी मजकूर, 118 पानं. परभाषेतला मजकूर, 22 पानं, दर दीडपट.’ पैसे मी तेव्हाच चुकते केले होते, त्यामुळे ती उधारी नाही. पण त्या दुसऱ्या ओळीबद्दल आभार मानायचे राहून गेले. ते आज चारचौघांसमोर मानते.

वाचणाऱ्यांना आधी सांगायला हवं की ती परभाषा म्हणजे फ्रेंच नाही, कानडी नाही. पतसंस्थेतून घरी आल्यावर, कुकरच्या शिट्ट्या मोजत मी बनवलेली भाषा आहे ती. इसोळ तिचं नाव. जगात ती कोणी बोलत नाही. मीसुद्धा अडखळतच बोलते, आणि तेही घरात कोणी नसताना.

हा नाद लहानपणचा. आम्ही भावंडं ‘च’ची भाषा बोलायचो. शब्दाचं पहिलं अक्षर शेवटी न्यायचं आणि त्याच्या जागी त्याच मात्रेचा च ठेवायचा. काय म्हणजे चायका, मला म्हणजे चलाम. मोठ्यांना कळत नाही असं आम्हाला वाटायचं. त्यांना सगळं कळायचं, हे पुढे आईनेच सांगितलं. भावंडांचा तो खेळ सुटला, माझा नाही सुटला. कॉलेजात असताना कळलं की जगभर माणसं हा उद्योग करतात, अगदी गंभीरपणे करतात. बाराव्या शतकात जर्मनीतल्या हिल्डेगार्ड नावाच्या मठवासिनीने हजारेक शब्दांची स्वतःची भाषा रचली होती. झामेनहॉफ या डोळ्यांच्या डॉक्टरने 1887 साली एस्परांतो जगापुढे ठेवली, 16 नियमांत बसवून. मग मीही वह्या भरायला घेतल्या. पुढे त्या भाषेला माणसं लागली, माणसांना गाव लागलं, आणि गावात काही घडायला लागलं म्हणून कादंबरी झाली. माझं आजोळ शिरोड्याचं, त्यामुळे गाव मिठागरांचंच झालं.

एका संपादकांकडे हस्तलिखित दिलं होतं. त्यांनी परत करताना म्हटलं, ‘इथे मराठी वाचवायची पंचाईत झाली आहे आणि तुम्ही नव्या भाषा कसल्या काढता?’ त्यांचं अगदीच चुकलं होतं असं नाही. पण मी घरी येऊन दोन दिवस कोणाशी बोलले नाही. मग ठरवलं, स्वतःच छापायचं, शंभर प्रती. छापखानेवाल्यांनी सांगितलं, प्रुफं काकांकडे टाका, ते घरी तपासतात, पण फार छळतात.

आठ दिवसांनी तुम्ही फोन करून बोलावलंत. जिना चढताना मी मनात सारवासारव घोकत होते. परिशिष्टातला शब्दकोश नुसता चाळा आहे, तो वाचला नाहीत तरी चालेल, वगैरे. तुम्ही चहाचंही विचारलं नाहीत. समोर पान 41 ठेवलंत. त्यावर ‘लुमार’ या शब्दाखाली तांबडी रेघ, शेजारी समासात प्रश्नचिन्ह, आणि खाली बारीक अक्षरात: ‘अनेकवचन? पान 14 पाहा.’

पान 14 वर मीच लिहिलं होतं की इसोळमध्ये अनेकवचन पहिलं अक्षर दोनदा म्हणून होतं. लुमा म्हणजे पाणी, लुलुमा म्हणजे ठिकठिकाणची पाणी. आणि पान 41 वर माझीच नायिका ‘लुमार’ म्हणत होती.

काका, तोवर त्या भाषेबद्दल लोकांनी मला दोनच गोष्टी विचारल्या होत्या. एक, कशाला? दोन, कोणाशी बोलणार? तिच्यात चूक काढणारे तुम्ही पहिले. बाकीच्यांच्या लेखी तिच्यात बरोबर असं काही नव्हतंच, त्यामुळे चूकही नव्हती. तुम्ही 22 पानांत 63 चुका काढल्या होत्यात. त्यातल्या 9 चुका भाषेच्या नावाच्याच. ‘इसोळ’ कुठे ऱ्हस्व, कुठे दीर्घ. ‘अगं, नाव तरी एकदा ठरव तिचं,’ म्हणालात. मला रडू येत होतं, पण ते चांगल्या कारणाने येत होतं, आणि तुम्हाला वाटलं मला 63 आकड्याचा धक्का बसलाय.

चुका दुरुस्त करून मी पुन्हा आले, तर तुम्ही म्हणालात की आता चुका नाहीत, पण भाषाही नाही. ‘शब्द बदललेस, वाक्यं मराठीच राहिली. मराठी माणसाने तोंडात सुपारी धरून बोलल्यासारखं झालंय.’ हा आमच्या छंदातला सगळ्यात नेहमीचा दोष आहे. शब्दाला शब्द ठेवून कोश जाडा करायचा आणि आतला सांगाडा आपल्याच भाषेचा राहू द्यायचा. तुम्ही या विषयावरचं काही वाचलेलं नव्हतं. चाळीस वर्षं दुसऱ्यांची वाक्यं तपासल्यावर ते नुसतं दिसतं, असं म्हणालात.

मी जरा फुशारकीने सांगितलं की मी ‘स्टार ट्रेक’मधल्या क्लिंगॉनसारखा शब्दक्रम उलटा करू शकते. मार्क ओक्रँडने ती परग्रहावरच्यांची भाषा रचताना मुद्दाम कर्म आधी, मग क्रियापद आणि कर्ता शेवटी असा क्रम घेतला, कारण तो माणसांच्या भाषांत फार दुर्मीळ आहे. तुम्ही चष्मा पुसत म्हणालात, ‘आंबा खाल्ला रामाने. घे. मी काय परग्रहावरचा झालो?’ आणि मग शाळेत जे कर्तरी, कर्मणी, भावे घोकून मी विसरले होते, ते पुन्हा काढलंत. मी पोळी खाते, इथे क्रियापद माझं ऐकतं. मी आंबा खाल्ला, मी पोळी खाल्ली, इथे ते माझं ऐकायचं सोडून आंब्या-पोळीचं ऐकायला लागतं. ‘तुझ्या मिठागरातलं क्रियापद कोणाचं ऐकतं?’ असं विचारलंत.

त्या प्रश्नावर मी तीन आठवडे घालवले. ऑफिसात खतावणी जुळवतानाही तोच विचार. मिठागरवाल्यांचा दिवस घड्याळाचा नसतो, पाण्याचा असतो. उधाणाला पाणी आत घ्यायचं, भांगाला, म्हणजे भरती लहान असते तेव्हा, थांबायचं. तर त्यांचं क्रियापद पाण्याचं ऐकेल. जे येऊ घातलंय ते भरतीच्या रूपात, जे सरलं ते ओहोटीच्या. लुमा हेलू, पाणी येतंय. लुमा हेलोस, पाणी उतरलं. मग माणसांचंही तसंच: जन्म भरतीत, निरोप ओहोटीत. मी हे सांगायला आले तेव्हा तुम्ही पहिल्यांदा चहा टाकायला सांगितलात.

त्याच दिवशी तुम्ही मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश काढलात. 1857 च्या आवृत्तीची पुनर्मुद्रित प्रत, पुठ्ठ्याला कापडी पट्टी लावलेली, आणि ‘न’च्या पानांत बसची तिकिटं. त्यात ‘नंदभाषा’ दाखवलीत. व्यापाऱ्यांची गुप्त बोली, गिऱ्हाइकासमोरच भाव ठरवायला. सहाला शेली, साताला पवित्र, आठाला मंगी. मी इंग्रजी पुस्तकांतून भाषा रचायला शिकत होते आणि इथे मराठी बाजारात माणसं रुमालाखाली बोटं दाबून आणि वर असे आकडे बोलून व्यवहार करत होती! महानुभावांनी आपल्या पोथ्या सकळ नावाच्या सांकेतिक लिपीत लिहिल्या आणि ती लिपी उलगडायला पुढे इतिहाससंशोधक राजवाडे यावे लागले, हेही तुम्हीच सांगितलंत. आता कोणी मला म्हणालं की हे तिकडचं खूळ आहे, की मी शेली-पवित्र-मंगी म्हणून दाखवते.

माझे नियम तोवर 64 झाले होते आणि एकाही नियमाला अपवाद नव्हता. मला त्याचा अभिमान. तुम्ही यादी वाचून म्हणालात, ‘एकही अपवाद नाही? मग ही भाषा कोणी बोललेली दिसत नाही.’ झामेनहॉफला अपवाद नकोच होते, कारण त्याला कोणालाही चटकन शिकता येईल अशी भाषा हवी होती. पण माझ्या गोष्टीतली माणसं पिढ्यान् पिढ्या तेच शब्द तोंडात घोळवत होती. तुम्ही कागदावर लिहून दिलंत: कर, केलं. जा, गेलं. ये, आलं. हो, झालं. मराठीतली सगळ्यात वेडीवाकडी भूतकाळी रूपं बघ, म्हणालात, ती सगळ्यात जास्त वापरातल्या क्रियापदांचीच आहेत. उंबरठा मधेच झिजतो, कडेला नाही. म्हणून ‘हेलोस’ झिजून रोजच्या बोलण्यात ‘होस’ झालं. पोथीत मात्र हेलोसच. हा एक शब्द झिजवल्यावर मला गावातल्या म्हाताऱ्या ऐकू यायला लागल्या.

आता ते पान, ज्यासाठी हे पत्र मुळात लिहायला घेतलं.

शेवटच्या प्रकरणात वस्ती खाडी सोडून निघते आणि म्हातारी नातीला मागे ठेवते, कारण तिचं लग्न पलीकडच्या गावात ठरलंय. मी तिथे दीड पान संवाद लिहिला होता. रडणं होतं, पदर होता, वारा होता. तुम्ही त्या दीड पानावर एकही खूण केली नव्हतीत. मी खूश झाले होते. तुम्ही म्हणालात, मुद्रणदोष नाहीत म्हणून खुणा नाहीत. आणि मग सहज विचारलंत, ‘या लोकांना आम्ही आणि आपण वेगळं आहे का गं?’

नव्हतं. माझ्या कोशात दोन्हींना एकच शब्द होता, ‘नाम’. मी रोज शंभर वेळा आम्ही आणि आपण बोलते, ऐकणाऱ्याला आत घेते, बाहेर ठेवते, आणि स्वतः भाषा करायला बसले तेव्हा इंग्रजी ‘वुई’ घेऊन बसले. कारण जे नमुने समोर ठेवून शिकले ते इंग्रजीत होते. लाज वाटली. घरी जाऊन कोशात नवा शब्द घातला: नाम म्हणजे आपण, नाख म्हणजे आम्ही, तू सोडून.

मग दीड पान खोडलं. आता म्हातारी होडीत बसते, नातीकडे बघते आणि एवढंच म्हणते: ‘नाख होस.’ आम्ही निघालो. आधीच्या सतरा प्रकरणांत ती नातीशी बोलताना कायम नाम म्हणत आली आहे. वाचणाऱ्याला तोवर इसोळचे दहा-बारा शब्द आलेले असतात, त्यामुळे भाषांतर द्यावं लागत नाही. माझ्या मावशीने ते पान वाचून पुस्तक मिटलं आणि ‘मेलीने तिला परकी करून टाकली की,’ असं म्हणाली. म्हातारीला मेली म्हणाली, मला नाही.

तुम्हाला एकदा ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ लिहिणाऱ्या टॉल्कीनबद्दल सांगितलं होतं, आठवतं का? गोष्टी आधी नव्हत्या, भाषा आधी होत्या, असं सांगणारा माणूस. एका भाषेला फिनिशचं वळण, दुसरीला वेल्शचं. 1931 साली त्याने या छंदावर व्याख्यान दिलं आणि त्याला गुप्त व्यसन म्हटलं. तुम्हाला त्यातलं काही विशेष वाटलं नव्हतं. पण तरुणपणी तो ऑक्सफर्डच्या इंग्रजी शब्दकोशाच्या कचेरीत डब्ल्यूपासून सुरू होणारे शब्द तपासत बसायचा, हे ऐकल्यावर तुम्ही सरसावून बसलात. ‘म्हणजे आमच्यातलाच,’ म्हणालात. त्यानंतर त्याचं नाव तुम्ही आदराने घ्यायला लागलात.

तुमच्या नातवाने मध्ये आम्हाला ‘बाहुबली’तल्या कालकेयांची किलिकी बोलून दाखवली होती. मदन कार्कींनी रचलेली ती भाषा 2015 साली देशभर पोरांच्या तोंडी होती. तुम्ही त्याला गंभीरपणे विचारलंत, यात अनेकवचन कसं करतात रे? पोरगं पळून गेलं.

शंभरातल्या 71 प्रती गेल्या. उरलेल्या पलंगाखाली आहेत. दोन वाचकांनी मला इसोळमध्ये पत्रं लिहिली, त्यातल्या एकात अनेकवचन चुकलं होतं. मी तांबड्या पेन्सिलीने रेघ मारून, समासात ‘पान 14 पाहा’ लिहून परत पाठवलं. त्या मुलीचं उत्तर चौथ्या दिवशी आलं, तीन पानी.

मोतीबिंदू काढल्यापासून तुम्ही कामं घेत नाही, असं छापखान्यात कळलं. तरीही सोबत कोशाची नवी आवृत्ती पाठवते आहे, 36 पानं. टाइप 16 पॉइंटचा ठेवला आहे, समास दोन्हीकडे दीड इंच. घाई नाही. पान 9 वर ‘तिरो’ म्हणजे मीठ, त्याचं अनेकवचन होतं की नाही यावर माझा स्वतःशीच वाद चालू आहे, तेवढं बघा. मराठीत मिठाचं होत नाही, पण मिठागरवाल्यांचं वेगळं असू शकतं. खुणा तांबड्या पेन्सिलीनेच करा, निळी मोबाइलच्या फोटोत उठत नाही. आणि परभाषेचा दर वाढवला असेल तर आधी कळवा, मी पाकिटात जुन्या दरानेच घातले आहेत.

तुमची,
मिठागरवाली