ईएलसीबी ‘डायरेक्ट’ करण्याच्या सूचनेबाबत अध्यक्षांना पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष व कार्यकारिणी सदस्य,
सहकारी गृहनिर्माण संस्था, लातूर

विषय: नोटीस बोर्डावरची सूचना मागे घेणे आणि जिन्यातल्या दिव्यांचं वायरिंग तपासणे

स. न. वि. वि.

‘ज्यांच्या घरी ईएलसीबी वारंवार पडतो त्यांनी सोसायटीच्या वायरमनकडून तो डायरेक्ट करून घ्यावा,’ अशी सूचना रविवारपासून बोर्डावर आहे. ईएलसीबी म्हणजे करंट गळाला की सप्लाय तोडणारं स्विच, आणि ‘डायरेक्ट’ करणं म्हणजे ते वगळून वायर सरळ जोडणं. ती सूचना कृपया आजच काढावी. मीटिंगमध्येच बोलले असते, पण तिथे पार्किंगचा विषय निघाला की बाकी सगळं राहून जातं.

आमच्या घरी दसऱ्यापासून हा त्रास चालू होता. कधी पहाटे, कधी रात्री दहानंतर ईएलसीबी पडायचा आणि घरभर अंधार. वायरमन दोनदा आला. दोन्ही वेळा म्हणाला, “ताई, डायरेक्ट करून देतो, कटकट मिटेल.” मी नाही म्हटलं. बोर्डातलं दुसरं स्विच, एमसीबी, लोड वाढला किंवा शॉर्ट झालं की पडतं. ईएलसीबीचं काम वेगळं आहे. फेजच्या वायरने गेलेला करंट न्यूट्रलच्या वायरने तेवढाच परत येतो का, एवढंच तो बघतो. 30 मिलिअँपिअरचा फरक पडायच्या आत तो सप्लाय तोडतो, कारण तो फरक कुणाच्या तरी अंगातून जमिनीत जात असू शकतो. तो डायरेक्ट करणं म्हणजे कुत्रं भुंकतं म्हणून त्याचं तोंड बांधणं.

शेवटी एमआयडीसीत मेंटेनन्सला असलेल्या बहिणीच्या मुलाला बोलावलं. त्याने आधी घरातले सगळे प्लग उपसून काढायला लावले. मी म्हटलं, बटणं बंद केलीत की. तर म्हणाला, “मावशी, बटण फक्त फेज तोडतं. आतला न्यूट्रल बॉडीला टेकला असेल तर बटण बंद असूनही पडतो.” मग एकेक वस्तू लावून थोडा वेळ चालवायची, मग पुढची. फ्रिज, मिक्सर, वॉशिंग मशीन, माळ्यावरचा कूलरसुद्धा उतरवला. सगळं ठीक. गिझर लावला आणि सात-आठ मिनिटांत, पाणी तापत आल्यावर, खटकन पडला. एलिमेंट बाहेर काढलं तर बोटभर जाडीचा पांढरा क्षार! आपल्या बोअरच्या पाण्याने दुसरं काय होणार? क्षार खरवडल्यावर खाली नळीला बारीक चीर दिसली. मेगरवर, म्हणजे इन्सुलेशन तपासायच्या मीटरवर, रीडिंग जवळजवळ शून्य. नवीन एलिमेंट मी माझ्या खर्चाने बसवलं. पहाटेचा त्रास तिथे संपला आणि तो दोष पूर्ण माझ्या घरचा होता, हे मान्य.

रात्रीचं पडणं मात्र थांबेना. त्यातही गंमत अशी की कधी एका झटक्यात चढायचा, कधी रात्रभर चढायचाच नाही. मागच्या शुक्रवारी रात्री पडला तेव्हा बहिणीचा मुलगा आमच्याकडेच मुक्कामाला होता. पुन्हा सगळे प्लग काढले, सगळे एमसीबी खाली पाडले, तरी ईएलसीबी ठरेना. मग त्याने स्वयंपाकघरातल्या सॉकेटच्या न्यूट्रलला टेस्टर लावला. घर पूर्ण बंद, आणि टेस्टर पेटला! तो दोन मिनिटं नुसता बघत बसला. मग दार उघडून बाहेर गेला आणि जिन्यातल्या दिव्याचं बटण बंद केलं. आत मी टेस्टर धरून उभी होते, तो विझला. ईएलसीबी चढवला, चढला.

म्हणजे झालं असं. दसऱ्याच्या सुमारास सोसायटीने जिन्यात नवे एलईडी दिवे बसवले. आमच्या मजल्यावरच्या दिव्याला फेज कॉमन मीटरचा दिला, पण न्यूट्रल आमच्या दाराबाहेरच्या जंक्शन बॉक्समधून, म्हणजे माझ्या घरचा घेतला. हाताशी होता म्हणून घेतला असणार. 9 वॅटचा दिवा म्हणजे जवळपास 40 मिलिअँपिअर. तो करंट माझ्या फेजने गेलेलाच नाही, पण परत येतो माझ्या न्यूट्रलने. ईएलसीबी पडणारच. पडला की माझा न्यूट्रलही तुटतो, म्हणून दिवाही विझतो. रात्री वर येणारा माणूस बटण दाबतो, दिवा लुकलुकून जातो, बल्ब उडाला असं समजून तो पुढे निघून जातो. बटण बंद करून गेला तर ईएलसीबी चढवता येतो आणि माझं घर उजळतं, नाहीतर सकाळपर्यंत अंधार. वॉचमन मामांनी तो बल्ब दोनदा बदलला, बिचाऱ्यांचा काय दोष!

त्रासाचं सोडा. ईएलसीबी पडलेला आहे म्हणून निर्धास्तपणे कुणी माझ्या घरात वायरला हात लावला असता, तर त्या न्यूट्रलने झटका दिला असता. आणि पहिल्या व तिसऱ्या मजल्यावर दोन घरांत ईएलसीबी डायरेक्ट करून दिल्याचं वायरमनच सांगतो. तिथले जिन्यातले दिवे व्यवस्थित लागतात. का लागतात, तिथेही न्यूट्रल घरातलाच घेतलाय का, हे आता बघायला हवं.

तेव्हा विनंती अशी. जिन्यातल्या प्रत्येक दिव्याचा न्यूट्रल कॉमन मीटरवरच न्यावा, आणि हे काम परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडून करून घ्यावं. डायरेक्ट केलेली दोन्ही घरं पूर्ववत करावीत. त्यात नवा ईएलसीबी लागलाच तर खर्च सोसायटीने द्यावा, कारण चूक सोसायटीच्या कामात आहे. दर महिन्याला ‘टी’ लिहिलेलं टेस्ट बटण दाबून बघा, हे सूचनेऐवजी बोर्डावर लावलं तर बरं.

जाता जाता अर्थिंगचं. पार्किंगमागचा अर्थिंगचा खड्डा ओला ठेवावा लागतो, तो पेव्हर ब्लॉकखाली गेलाय. एप्रिल 2016 मध्ये दुष्काळात मिरजेहून रेल्वेने पाणी येत होतं तेव्हा त्यात पाणी ओता म्हणायची सोय नव्हती, हे मलाही कळतं. पण त्यानंतर किती पावसाळे झाले! झाकण उघडून अर्थिंगचं रीडिंग एकदा घ्यावं.

शुक्रवारपासून आमच्या मजल्यावरच्या जिन्याच्या बटणावर मी चिकटपट्टी लावली आहे. शेजारच्या आजी अंधारात चढतात, त्यामुळे निदान हे एक काम या आठवड्यात व्हावं.

आपली विश्वासू,
सदनिका क्र. 203