निजलेल्या माणसांची चित्रं

प्रिय मित्रा,

तुझं पत्र वाचून हसू आलं, मग भांडावंसं वाटलं. एकोणिसाव्या शतकातल्या निसर्गचित्रांत माणसं नुसती लोळत असतात म्हणे! अरे, व्हॅन गॉगचं ते 'दुपारची झोप' चित्र पुन्हा एकदा बघ. गंजीच्या सावलीत जोडपं निजलंय, बाजूला काढून ठेवलेले बूट आणि जोडीनं ठेवलेले दोन विळे. जाग आली की तेच पुन्हा हातात घ्यायचे. आणि एवढं रणरणतं ऊन त्यानं रंगवलं कधी, तर 1889-90च्या हिवाळ्यात, फ्रान्समधल्या साँ-रेमीच्या मनोरुग्णालयात! समोर होता शेतकऱ्यांची चित्रं काढणाऱ्या मिले या जुन्या फ्रेंच चित्रकाराच्या चित्राचा काळा-पांढरा छाप. मांडणी मिलेची, पण तो निळा आणि पिवळा सगळा व्हॅन गॉगचा. मिलेवरून केलेल्या अशा चित्रांबद्दल त्यानं भावाला लिहिलं होतं की वादक बेथोव्हेनची रचना आपल्या परीनं वाजवतोच ना. तरी लोक नक्कल म्हणतात. म्हणोत बापडे.

माझा जीव मात्र फ्रेंच चित्रकार बास्तियाँ-लपाजच्या 'गवतकापणी'वर (1877). पुरुष उताणा, तोंडावर टोपी. बाई बसलेली, पाय पसरलेले, तोंड किंचित उघडं, नजर कशावरच नाही. इतकी दमलीय की आडवं व्हायचंही सुचत नाहीये. पूर्वीच्या निसर्गचित्रांत गुराखी बसायचा तो झाड केवढं आहे ते कळावं म्हणून, बोटभर. इथे ही बाई अगदी पुढ्यात, आणि आकाशाला वर जेमतेम एक पट्टी. कॅनव्हास जवळजवळ दोन मीटर रुंद आहे. छापलेल्या चित्रात ते कळतच नाही.

जॉर्ज सरा या चित्रकारानं 1884 साली पॅरिसजवळच्या आस्निएरचा नदीकाठ रंगवला तो तर तीन मीटर रुंद. एवढा आकार तेव्हा देवादिकांना आणि लढायांना मिळायचा. यानं तो काठावर बसलेल्या साध्या पोरांना दिला. मागे शेजारच्या क्लिशी गावातल्या कारखान्यांची धुराडी. कुणी कुणाशी बोलत नाही. सलों या पॅरिसच्या मोठ्या चित्रप्रदर्शनाच्या परीक्षकांनी चित्र नाकारलं.

आता तुझंही थोडं खरं करतो. निव्वळ लोळणं हवं असेल तर चित्रकार कूर्बेनं 1857च्या सलोंत मांडलेल्या, सेन नदीच्या काठी पहुडलेल्या दोघी बघ. कामाचा मागमूस नाही, आणि मागच्या नावेत कुणा पुरुषाची टोपी! लोक उगाच नाही खवळले. तुझ्या त्या जाडजूड पुस्तकात हे चित्र मोठं छापलेलं असेल, तर नावेच्या भागाचा नीट फोटो काढून पाठव.

तुझाच